खाल्ल्या मिठाचा सल्ला

दुपारचा चहा झालेला असतो. घरातली तरुण मंडळी कामावर गेलेली असतात आणि टेबलावरच्या फोनमध्ये एक प्रसन्न चेहरा बोलू लागतो. तो आपल्याला ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणतो. स्वतःच्या आईचे गुडघे किती दुखत होते, जिना चढताना तिला मध्येच कसे बसावे लागे आणि अमुक एक चूर्ण दोन महिने घेतल्यावर ती अष्टविनायकाची यात्रा कशी करून आली, हे तो अशा जिव्हाळ्याने सांगतो की आपलाच एखादा पुतण्या समोर बसला आहे असे वाटावे. शेवटी तो डबा उचलून दाखवतो आणि पडद्याच्या खालच्या कडेला सवलतीचा आकडा झळकतो.

या सगळ्यात एक वाक्य राहून गेलेले असते. हा डबा दाखवण्याबद्दल त्याला काय मिळाले, हे ते वाक्य. कदाचित काहीच मिळाले नसेल. आईची गोष्ट अक्षरशः खरीही असेल. परंतु ते आपल्याला ठरवता येत नाही, कारण ठरवण्यासाठी जी माहिती हवी तीच आपल्यापासून दूर ठेवलेली असते. आज त्या राहून गेलेल्या वाक्याविषयी लिहायचे आहे. आणि इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःविषयी सांगणे मला भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी सांधेदुखीवर लेख लिहिला होता. लेख तसा बरा होता. वजन, व्यायाम, काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात का धरावी, हे सारे त्यात होते. अखेरच्या परिच्छेदात ग्लुकोसामाइन असलेल्या एका पावडरीचा मी नावानिशी उल्लेख केला, ‘अनेकांना गुण आल्याचे ऐकिवात आहे’ अशा बेताच्या शब्दांत. त्या पावडरीचे चार डबे उत्पादकाने मला घरपोच पाठवले होते. मी पैसे घेतले नव्हते. पैसे घेतले नाहीत म्हणजे सांगण्यासारखे काही नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

अंक निघाल्यावर दीड-दोन महिन्यांनी एका वाचकाच्या सूनबाईंचा फोन आला. सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन ही गोळी त्यांना रोज घ्यावी लागे. नेहमीच्या तपासणीत त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, एकाएकी वाढलेला आढळला होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होते. ‘नवीन काय सुरू केले आहे?’ असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा माझ्या लेखात वाचून आणलेली पावडर पुढे आली. वॉरफरिनबरोबर ग्लुकोसामाइन घेतल्याने हा आकडा वाढल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. या आजोबांच्या बाबतीत पावडरच कारण होती असे कोणी सिद्ध केले नाही. ती बंद झाली, काही दिवसांनी आकडा खाली आला, इतकेच. सूनबाई रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ताई, तो डबा तुम्ही दुकानातून विकत आणला होता, की तुम्हाला कोणी दिला होता?”

मी खरे ते सांगितले. पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, “हे तिथेच छापले असते, तर मी बाबांना देण्याआधी डॉक्टरांना विचारले असते.”

त्या दिवसानंतर मी पुष्कळ विचार केला. डबे फुकट आले म्हणून मी खोटे लिहिले का? नाही. पण त्या परिच्छेदासाठी जे दोन तास वाचन करायला हवे होते, ते मी केले नाही. केले असते तर वॉरफरिनचा इशारा मला सहज सापडला असता. भेटीने माझी लेखणी विकत घेतली नव्हती; तिने माझी शंका तेवढी झोपवली होती. म्हणून आता आधीच सांगते: या लेखाबद्दल मला या पाक्षिकाचे नेहमीचे मानधन मिळेल, अन्य कोणाकडून काही मिळालेले नाही, आणि पुढे कोणत्याही वस्तूची शिफारस आढळणार नाही.

एका जेवणाची किंमत

खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण. (उच्च रक्तदाब असलेल्या वाचकांनी दचकू नये, हे ते मीठ नव्हे.) उपकार विसरू नये हा संस्कार उत्तम आहे, पण सल्ला देणाऱ्याच्या ठिकाणी तोच संस्कार घातक ठरू शकतो, कारण मीठ एकाचे खाल्लेले असते आणि सल्ला दुसऱ्याला द्यायचा असतो.

हे मीठ किती थोडे पुरते, याची अमेरिकेत मोजदाद झाली आहे. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना काय काय दिले, याची नोंद सरकारकडे करण्याचे बंधन तेथे २०१० च्या एका कायद्याने घातले आणि २०१४ पासून ही माहिती कोणालाही पाहता येऊ लागली. तिच्या आधारे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांची पाहणी होती. कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि नैराश्यावरची काही महागडी औषधे कोण अधिक लिहून देते, हे त्यात पाहिले गेले. कंपनीकडून एकदाच जेवण घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही त्या कंपनीचे औषध अधिक वेळा दिसले. त्या जेवणाची किंमत सरासरी २० डॉलरपेक्षाही कमी होती. जेवणामुळेच असे घडले असे हा अभ्यास ठामपणे म्हणत नाही. मुळात त्या औषधाकडे कल असलेले डॉक्टरच अशा जेवणाला गेले असतील, हीही शक्यता आहे. पण एका जेवणाने काय होते, असे म्हणणाऱ्याला हा अभ्यास दाखवावा.

त्याही आधीचे, १९९८ मधले एक उदाहरण आहे. रक्तदाबावरच्या ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ या गटातील औषधांच्या सुरक्षिततेवर त्या वेळी मोठा वाद चालू होता. टोरांटोच्या संशोधकांनी त्या वादातील ७० लेख घेतले आणि लेखकांनाच त्यांच्या आर्थिक संबंधांविषयी विचारले. औषधांची बाजू घेणाऱ्या लेखकांपैकी ९६ टक्के जणांचे त्या औषधांच्या उत्पादकांशी आर्थिक संबंध होते. तटस्थ लेखकांत हे प्रमाण ६० टक्के, तर टीका करणाऱ्यांत ३७ टक्के होते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या गटातील औषधे आजही जगभर दिली जातात आणि असंख्य लोकांना त्यांचा उपयोग होतो. आपल्या गोळ्यांच्या पाकिटावर ॲम्लोडिपिन हे नाव असेल तर हे वाचून ती बंद करू नये. लेखक लबाड होते असाही याचा अर्थ नाही. त्यांतले बहुतेक आपले मत स्वतंत्र आहे असेच समजत असावेत, जसे मी त्या पावडरीच्या बाबतीत समजत होते.

कायदा काय मागतो

जाहिरातीतील शिफारशींबाबत आपल्या देशात आता बरेच स्पष्ट नियम आहेत. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन करणारी ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ ही संस्था १९८५ पासून मुंबईत काम करते. फोनवर सल्ले देणाऱ्यांसाठी तिने २०२१ मध्ये नियमावली आणली. पाठोपाठ केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आरोग्यविषयक सल्ल्यांसाठी वेगळ्या सूचना दिल्या.

यांतला आपल्या कामाचा भाग असा. ‘संबंध’ म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे. फुकट दिलेली वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, पुरस्कार, नोकरी, इतकेच काय, कंपनीशी असलेले नातेही संबंधच समजले जाते आणि ते उघड करावे लागते. माझे चार डबे आज या व्याख्येत नेमके बसले असते. शिवाय ही कबुली ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत, सहज दिसेल आणि समजेल अशी हवी. दहा मिनिटे मराठीतून गुडघ्यांविषयी बोलायचे आणि ‘सशुल्क जाहिरात’ हे शब्द मात्र इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एका कोपऱ्यात लिहायचे, हे नियमात बसत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर पडलेल्या वाचकाला ती अक्षरे दिसणारच नाहीत, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते असे मानायला मी तयार नाही.

ऑगस्ट २०२३ च्या सूचनांनुसार, वैद्यकीय किंवा आहारविषयक तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्याने आपली पात्रता सांगायला हवी; आणि तज्ज्ञ नसताना तज्ज्ञासारखे बोलणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी हा डॉक्टरी सल्ल्याला पर्याय नाही असे स्पष्ट बजावायला हवे. भरपूर पाणी प्यावे, रोज फिरावे, असा कोणत्याही वस्तूशी न जोडलेला साधा सल्ला यातून वगळलेला आहे. तो कोणीही कोणालाही द्यावा. आपल्या आज्यांनी तो आयुष्यभर दिलाच.

डॉक्टरांवरचे बंधन याहून जुने व कडक आहे. त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे नियम २००२ चे. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे, ज्याला आपल्याकडे ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात, ते त्यांत निषिद्ध आहे. २००९ च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांकडून भेटी व सहली घेणे आणि कोणत्याही औषधाची वा उत्पादनाची जाहीर भलामण करणे यांवरही बंदी आली. तेव्हा पांढरा कोट घालून डबा हातात धरलेला कोणी पडद्यावर दिसला, तर तो डॉक्टर तरी नसावा किंवा आपल्या व्यवसायाचे नियम तरी पाळत नसावा.

आणखी एक कायदा आपल्यापैकी अनेकांच्या शाळकरी वयापासून अस्तित्वात आहे. १९५४ च्या ‘औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्या’ला ५४ व्याधींची यादी जोडलेली आहे. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, मोतीबिंदू, काचबिंदू, संधिवात, उच्च व कमी रक्तदाब, बहिरेपणा हे त्या यादीत आहेत. या व्याधी औषधाने बऱ्या करू किंवा टाळू, अशी जाहिरात लोकांपुढे करणे हाच गुन्हा आहे. ‘मधुमेह मुळापासून नाहीसा’ हे शब्द ऐकले की पुढचे ऐकण्याचीही गरज नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाला, तसेच शिफारस करणाऱ्यालाही, १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

कळले, तरी घेतले

इथवर वाचून असे वाटेल की एकदा का संबंध उघड झाला, की प्रश्न मिटला. मलाही तसेच वाटत असे. पण मानसशास्त्रातले काही प्रयोग वाचल्यावर ही समजूत सोडावी लागली, आणि या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग तोच आहे.

अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. नाण्यांनी भरलेली एक बरणी होती. काही लोकांना ती लांबून, थोडाच वेळ दाखवली आणि आत किती रक्कम आहे याचा अंदाज करायला सांगितले. अंदाज जितका अचूक तितके त्यांना बक्षीस. दुसऱ्या काहींना ती जवळून पाहू दिली आणि पहिल्यांना सल्ला द्यायला सांगितले. मेख अशी होती की काही सल्लागारांचे बक्षीस अंदाजाच्या अचूकतेवर अवलंबून नव्हते. अंदाज जितका फुगेल तितके त्यांना अधिक मिळणार होते. साहजिकच ते आकडा वाढवून सांगत. मग संशोधकांनी ही गोष्ट अंदाज करणाऱ्यांना उघड करून पाहिली. तेव्हा सल्लागारांनी आकडा आणखीच फुगवला. ‘आम्ही तर सांगून टाकले, आता ऐकणाऱ्याने आपले पाहावे,’ अशी त्यांच्या मनाची सोय झाली असावी. ऐकणाऱ्यांनी सल्ला थोडा कमी धरला खरा, पण पुरेसा नाही. आणि अखेरीस कबुली ऐकलेल्यांचेच अधिक नुकसान झाले.

याच वाटेने पुढे सुनीता साह यांनी काम केले. त्या मुळात वैद्यकीय डॉक्टर, पुढे अशा निर्णयांच्या मानसशास्त्राकडे वळल्या. सल्लागाराने समोरासमोर ‘यात माझा फायदा आहे’ असे सांगितले, की ऐकणाऱ्याचा त्याच्यावरचा विश्वास कमी होतो, आणि तरीही तो सल्ला मानण्याचे दडपण वाढते, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. कारण आता नकार देणे म्हणजे ‘मला तुमचा भरवसा वाटत नाही’ असे तोंडावर म्हणण्यासारखे होते.

मराठी माणसाला हे समजावून सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. आपल्याकडे याला भीड म्हणतात आणि ती भिकेची बहीण असल्याचेही आपण फार पूर्वी ठरवून ठेवले आहे. सोसायटीतल्या वहिनी पोषक पावडरीचे डबे घेऊन येतात. ‘यात मला थोडे कमिशन मिळते हं, तुमच्यापासून काय लपवायचे!’ असे हसत सांगतात. त्या प्रामाणिक आहेत, आणि म्हणूनच आता ‘नको’ म्हणणे अधिक अवघड होते. वैशाखात आपण पडलो तेव्हा याच वहिनी रिक्षा आणायला धावल्या होत्या. डबा घेतला जातो. घरी येणारे फिजिओथेरपिस्ट पट्टा सुचवतात, भाचा विम्याबरोबर तपासण्यांचे पॅकेज सुचवतो, तेव्हाही हेच होते.

याच प्रयोगांतून भिडेवरचा उतारा पुढे आला, आणि तो सोपा आहे. निर्णय सल्लागाराच्या नजरेआड घेता आला, किंवा नंतर मत बदलण्याची मुभा असली, तर दडपण कमी होते. याचा घरगुती अर्थ असा की दारात, व्हरांड्यात किंवा फोन चालू असताना काहीही ठरवू नये. ‘घरात विचारून कळवते’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि त्याने कोणाचाही अपमान होत नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. सकाळी सांगायचे असेल तर मुलाकडून वा सुनेकडून निरोप द्यावा. नाही म्हणण्याचे ओझे ज्येष्ठांनीच उचलले पाहिजे असे नाही.

विचारण्याचीही एक रीत आहे. ‘तुम्हाला यात किती मिळते?’ हा प्रश्न आपल्या जिभेवर येत नाही, आणि आला तरी समोरचा दुखावतो. त्याऐवजी ‘हे तुम्ही स्वतः विकत घेऊन वापरता का?’ असे विचारावे. मला त्या सूनबाईंनी विचारले ते जवळजवळ हेच, आणि त्यावर खोटे बोलणे मला शक्य झाले नाही. ‘हे कोणी घेऊ नये?’ हा दुसरा उपयुक्त प्रश्न. ज्याला औषधाची खरी माहिती आहे त्याच्याजवळ याचे उत्तर असते: मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी. ‘कोणीही घ्यावे, नैसर्गिक आहे’ असे उत्तर आले तर डबा जागच्या जागी राहू द्यावा.

घरात ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. बाबांनी किंवा आईंनी असा डबा मागवलेला आढळला की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते ते ‘फसलात ना!’ पैसे त्यांचे असतात, दुखणे त्यांचे असते, आणि त्या दुपारी त्यांच्याशी आपुलकीने बोलणारा बहुधा तो फोनमधला एकटाच असतो. आपण हसलो किंवा चिडलो, तर पुढच्या वेळी डबा येणारच. फक्त तो कपाटात, लुगड्यांच्या किंवा स्वेटरच्या घडीमागे ठेवला जाईल. लपवलेला डबा विकत घेतलेल्या डब्यापेक्षा पुष्कळ धोकादायक असतो, कारण ‘नवीन काय सुरू केले?’ असे डॉक्टर विचारतील तेव्हा कोणी बोलणार नाही. माझ्या लेखाने घात केला तरी ते आजोबा बचावले, याचे कारण त्या घरात डबा जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या भांड्याशेजारी उघडा ठेवलेला होता आणि सूनबाईंना त्याचे नाव पाठ होते.

पुढच्या तपासणीला जाताना घरातले सगळे डबे, चूर्णे, काढे, तेले आणि थेंब एका पिशवीत घालून न्यावे. काय मोफत आले, काय कोणाच्या भिडेने घेतले, काय फोनवर पाहून मागवले, याचा हिशेब डॉक्टर मागत नाहीत. त्यांना फक्त पाठीमागची बारीक अक्षरे वाचायची असतात. आणि ती वाचून झाल्यावर आपणही निःसंकोच विचारावे की त्यांनी सुचवलेली तपासणी अमुकच केंद्रात का करायची.